चिऊताई दार उघडेपर्यंत: इंग्रजी वाक्यांचे प्रकार गोष्टीतून शिकवताना

पत्र: मी तालुक्याच्या गावातील मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते. वर्गात बेचाळीस मुले-मुली आहेत. वाक्यांचे प्रकार हा घटक मी आजवर फळ्यावर चार रकाने आखून आणि व्याख्या सांगून शिकवत आले. व्याख्या सर्वांना पाठ होतात, परंतु घटक चाचणीत शेवटची विरामचिन्हे काढून वाक्ये दिली की निम्म्याहून अधिक मुले चुकतात. या वर्षी एका प्रशिक्षणात ऐकले म्हणून गोष्टीतून शिकवून पाहिले. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट इंग्रजीतून वाचून दाखवली, मुले रमली, मग एकेका वाक्याचा प्रकार ओळखायला सांगितला, तर सगळी वाक्ये ‘असर्टिव्ह’च, म्हणजे विधानेच, निघाली. शेजारच्या वर्गाचे सर म्हणाले, दहा मिनिटांत सांगून होणाऱ्या गोष्टीला तीन तासिका कशाला? त्यांचे बरोबर आहे का? गोष्ट कोणती घ्यावी? इंग्रजीच्या तासाला मराठी बोलले तर चालते का? आणि ‘ओपन द डोअर’ या वाक्यापुढे उद्गारचिन्ह असेल, तर ते कोणत्या रकान्यात घालावे? हा शेवटचा प्रश्न एका मुलीने विचारला आणि मी ‘उद्या सांगते’ म्हणून वेळ मारून नेली.
सातवीची एक वर्गशिक्षिका

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

‘उद्या सांगते’ म्हणून वेळ मारून नेल्याचे आपण स्वतःहून लिहिले, म्हणून मीही सांगून टाकतो की इंग्रजी शिकवण्याच्या माझ्या पहिल्या काही वर्षांत मी असे ‘उद्या’ कितीतरी वेळा दिले आणि त्यांतील बरेच कधी उजाडलेच नाहीत. त्या मुलीचा प्रश्न मात्र या संपूर्ण घटकाच्या गाभ्याचा आहे, त्यामुळे त्याच्याकडे शेवटी येतो. आधी आपल्या तहानलेल्या कावळ्याकडे पाहू, कारण आपला प्रयोग जिथे अडला तिथेच त्याचे उत्तरही पडलेले आहे.

आपली पद्धत चुकली नाही, गोष्ट चुकली. त्या गोष्टीत कावळा एकटा आहे. त्याला तहान लागते, तो उडत येतो, रांजण पाहतो, खडे टाकतो, पाणी वर येते आणि पिऊन निघून जातो. एवढ्या वेळात त्याला बोलायला कोणीही भेटत नाही. जिथे दुसरा कोणी नाही तिथे प्रश्न कोणाला विचारायचा आणि ‘बाजूला हो’ असे कोणाला सांगायचे? कोणतीही गोष्ट घ्या, तिच्यात सांगणाऱ्याचा जो आवाज असतो तो जवळजवळ सर्वत्र विधानेच करत असतो. प्रश्न, आज्ञा आणि उद्गार हे पात्रांच्या तोंडी राहतात. आपल्या मुलांनी सगळी वाक्ये ‘असर्टिव्ह’ ठरवली, ती अगदी बरोबर ठरवली, आणि त्याबद्दल त्यांना गुण द्यायला हवे होते. वाक्यांचे चारही प्रकार शिकवायचे असतील तर ज्या गोष्टीत किमान दोघे जण आहेत, त्या दोघांना एकमेकांकडून काहीतरी हवे आहे आणि ते सहजासहजी मिळत नाही, अशी गोष्ट घ्यावी लागते.

अशी गोष्ट आपल्या घरातच आहे, तिच्यासाठी इंग्रजी गोष्टींचे पुस्तक धुंडाळण्याची गरज नाही. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे घर मेणाचे. मोठा पाऊस आला आणि कावळ्याचे घर वाहून गेले. पुढचे आपल्या वर्गातील बेचाळीसही मुले झोपेत सांगतील. मी हीच गोष्ट सुचवतो, याचे पहिले कारण असे की मुलांना तिचा अर्थ लावावा लागत नाही. अनोळखी इंग्रजी गोष्ट दिली की मुलाची सगळी शक्ती ‘पुढे काय झाले’ आणि ‘या शब्दाचा अर्थ काय’ यांतच खर्च होते आणि वाक्याच्या घडणीकडे पाहायला तिच्यातले काही उरत नाही. माहीत असलेल्या गोष्टीत मात्र अर्थ आधीच हातात असतो, त्यामुळे लक्ष आपोआप शब्दांकडे जाते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. या गोष्टीत घडते काय, तर एक पाखरू दाराबाहेर उभे राहून दार उघडण्यासाठी विनवते आणि दुसरे पाखरू आतून ते लांबवत राहते. सगळी गोष्ट म्हणजे आज्ञा, प्रश्न, विधान आणि उद्गार यांची बंद दाराच्या दोन बाजूंनी चाललेली देवाणघेवाण आहे.

मी वर्गात वापरत असे तो मजकूर देतो. आपण फळ्यावर अर्थातच रोमन लिपीत लिहाल. येथे देवनागरीत मांडतो.

‘क्रो हॅड अ हाउस ऑफ डंग. स्पॅरो हॅड अ हाउस ऑफ वॅक्स. वन नाइट इट रेन्ड हेविली. क्रोज हाउस वॉज वॉश्ड अवे. ही वेंट टू स्पॅरोज हाउस.’ एवढे सांगणाऱ्याचे झाले. आता दारातले संभाषण. कावळा म्हणतो, ‘सिस्टर स्पॅरो, ओपन द डोअर.’ चिमणी आतून विचारते, ‘हू इज देअर?’ तो म्हणतो, ‘इट इज मी, क्रो. प्लीज ओपन द डोअर.’ ती म्हणते, ‘वेट. आय अ‍ॅम बेदिंग माय बेबी.’ थोड्या वेळाने तो कुडकुडत म्हणतो, ‘हाऊ कोल्ड इट इज! आर यू कमिंग?’ ती म्हणते, ‘डोन्ट शाउट. माय बेबी इज स्लीपिंग.’ तो पुन्हा विचारतो, ‘व्हेन विल यू ओपन द डोअर?’ मग एकदाचे दार उघडते आणि चिमणी त्याला ओलाचिंब पाहून म्हणते, ‘व्हॉट अ वेट बर्ड यू आर! कम इन.’

वाक्ये मुद्दाम आखूड ठेवली आहेत आणि आपल्याकडे चिऊताईच्या बाळाची जी तीट-काजळाची लांबण असते ती कापली आहे. मुलांना ती हवी असेल तर त्यांनाच घालू द्यावी, ‘वेट, आय अ‍ॅम...’ या साच्यात ती सहज बसते.

पहिल्या तासिकेत व्याकरणाचा शब्दही काढू नये, हा माझा आग्रह आहे आणि इथेच बहुतेक जणांचा धीर सुटतो. वाचता वाचता मध्येच थांबून ‘सांगा बरे, हे कोणते वाक्य?’ असे विचारले की गोष्ट मरते आणि व्याकरणही पदरात पडत नाही. आपण एकदा वाचून दाखवा. नंतर वर्गाचे दोन भाग करून दाराच्या अलीकडची वाक्ये एका भागाने आणि पलीकडची दुसऱ्याने म्हणावीत. वर्गाचे खरेखुरे दार वापरावे. कावळा झालेल्या मुलाला व्हरांड्यात उभे करावे. दार लावलेले असले की ‘ओपन द डोअर’ हे वाक्य कानाला वेगळेच लागते. आवाजाचे चढउतार मुले स्वतःहून पकडतात: ‘आर यू कमिंग’ म्हणताना शेवटी आवाज वर चढतो, ‘व्हेन विल यू ओपन द डोअर’ म्हणताना तो बहुधा खाली येतो. प्रश्न म्हटला की आवाज चढलाच पाहिजे असे आपल्यापैकी अनेकांनी मुलांना सांगितले आहे, मीही सांगत असे. ‘व्हेन’, ‘व्हेअर’, ‘व्हाय’ यांनी सुरू होणाऱ्या प्रश्नांना ते सहसा लागू पडत नाही.

दुसऱ्या तासिकेत रकाने येतील, पण व्याख्या नव्हेत. फळ्यावरील प्रत्येक वाक्याला मुलांनी एकच प्रश्न विचारायचा: हे वाक्य ऐकल्यावर ऐकणाऱ्याने काय करायचे? ‘माय बेबी इज स्लीपिंग’ ऐकून कावळ्याला फक्त एक गोष्ट कळते, तिच्यावर त्याने काही केलेच पाहिजे असे नाही. ‘हू इज देअर’ ऐकून त्याला तोंड उघडावे लागते. ‘वेट’ ऐकून त्याला पाय रोवून उभे राहावे लागते. ‘हाऊ कोल्ड इट इज’ हे तर कावळा दाराला नाक लावून स्वतःशीच म्हणतो आहे. चिमणीने ऐकले तर तिला कीव येईल, न ऐकले तरी वाक्य पूर्ण झालेच. कळणे, उत्तर देणे, कृती करणे आणि बोलणाऱ्याला काय वाटते ते नुसते ऐकणे, ही चार कामे मुलांना मराठीतून सांगावीत आणि ती त्यांना पटली की मगच त्या रकान्यांच्या माथ्यावर ‘असर्टिव्ह’, ‘इंटरॉगेटिव्ह’, ‘इम्परेटिव्ह’ आणि ‘एक्स्क्लमेटरी’ ही नावे लिहावीत. पहिल्या प्रकाराला काही पुस्तके ‘डिक्लेरेटिव्ह’ म्हणतात, काही नुसते ‘स्टेटमेंट’. एकाच माणसाची तीन नावे आहेत एवढे सांगून पुढे जावे.

येथे आपल्या मराठीच्या प्रश्नाचे उत्तरही देऊन टाकतो. मराठी अवश्य बोलावे, पण भाषांतरासाठी नव्हे, तुलनेसाठी. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झाले, म्हणजे आपली सातवीची मुले हे सातवे वर्ष इंग्रजी ऐकत आहेत. रोज वर्गात शिरताना ‘मे आय कम इन, टीचर?’ हा प्रश्न ती विचारतात आणि ‘कम इन’ ही आज्ञा ऐकतात. ही वाक्ये त्यांच्या जिभेवर आहेत, पण ती कशी घडली आहेत हे त्यांना दिसत नाही, कारण मराठीची घडण निराळी आहे आणि ती निराळी आहे हे त्यांना कोणी दाखवलेले नसते.

मराठीत विधानाचा प्रश्न करायला आपण शेवटी एक ‘का’ जोडतो. ‘तू येतेस’ आणि ‘तू येतेस का’ यांत बाकी काही हलत नाही. इंग्रजीत मात्र शब्द जागा सोडतात: ‘यू आर कमिंग’ मधील ‘आर’ उचलून पुढे आणावा लागतो, तेव्हा ‘आर यू कमिंग’ होते. आपली मुले ‘यू आर कमिंग?’ असे लिहितात, ते चुकून नव्हे. मराठीच्या सवयीने जे सरळ वाटते ते ती करतात, फक्त ‘का’च्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतात. हे त्यांना फळ्यावर दोन्ही भाषांतील वाक्ये एकाखाली एक लिहून दाखवले तर पाच मिनिटे लागतात. वर्गातील तीन मुलांना उभे करून त्यांच्या हातात ‘यू’, ‘आर’ आणि ‘कमिंग’ अशा पाट्या द्याव्यात आणि ‘प्रश्न करा’ म्हटल्यावर ‘आर’ पाटीवाल्याने पुढे जाऊन उभे राहावे, हा खेळ त्याहून चांगला. ‘हू इज देअर’ मध्ये असे काही हलत नाही, कारण तिथे ‘हू’ हाच कर्ता आहे. एखादे चौकस मूल विचारील, तेव्हा सांगावे, आपणहून सांगू नये.

आज्ञेची गंमत उलट दिशेने आहे. मराठीत क्रियापदच सांगते की आपण कोणाशी बोलतो आहोत: ‘उघड’, ‘उघडा’, ‘उघडावे’. वर ‘उघड ना’, ‘उघड की गं’ अशी लाडीगोडी आहेच. इंग्रजीला या सगळ्यासाठी एकच ‘ओपन’ आहे. मुख्याध्यापकांना आणि धाकट्या भावाला तोच शब्द. म्हणून तिथे ‘प्लीज’ला एवढे काम करावे लागते. मुलांना विचारून पाहा: पहिल्या वेळी कावळा ‘ओपन द डोअर’ म्हणाला आणि दुसऱ्या वेळी ‘प्लीज ओपन द डोअर’, याचे मराठीत काय होईल? ‘उघड’ आणि ‘उघड ना गं’ असे एखादी मुलगी सांगेल, आणि तेवढ्यात तिला आज्ञा आणि विनंती हे इंग्रजीत एकाच रकान्यात का बसतात हे कळून चुकेल.

याच ठिकाणी मराठीच्या शिक्षकांशी थोडे बोलून घ्यावे, असे सुचवतो. मराठीच्या व्याकरणात विधानार्थी, प्रश्नार्थी आणि उद्गारार्थी हे वाक्याच्या आशयावरून पाडलेले प्रकार आहेत, आणि आज्ञार्थी वाक्य बहुतेक पुस्तकांत वेगळ्या ठिकाणी, क्रियापदाच्या रूपावरून पाडलेल्या प्रकारांत, स्वार्थी, विध्यर्थी आणि संकेतार्थी यांच्या पंगतीला बसलेले असते. इंग्रजीत चौघांची एकच पंगत. मूल जेव्हा मराठीच्या तासाला एक आणि इंग्रजीच्या तासाला दुसरी वाटणी ऐकते, तेव्हा गोंधळ त्याच्या डोक्यात नसून आपल्या दोन वह्यांत असतो.

सर्वांत चिवट प्रकार उद्गाराचा आहे, म्हणून त्याला वेळ द्यावा. कारण ‘हाऊ’ आणि ‘व्हॉट’ हे शब्द प्रश्नातही येतात आणि उद्गारातही येतात, आणि शेवटचे चिन्ह झाकले की मुलांना ते दोन्ही सारखे दिसतात. यात इंग्रजीचा दोष नाही. आपले ‘किती’ आणि ‘काय’ हेही असेच दुहेरी आहेत. ‘किती थंडी आहे?’ हा प्रश्न आहे आणि ‘किती थंडी आहे!’ हा कुडकुडणाऱ्या कावळ्याचा उद्गार आहे. मराठीत शब्द तेच, क्रम तोच, फरक फक्त आवाजाचा. इंग्रजीत मात्र क्रम बदलतो आणि तोच आपला खुंटा आहे. ‘हाऊ कोल्ड इज इट’ मध्ये ‘इज’ आधी आणि ‘इट’ नंतर, म्हणून प्रश्न. ‘हाऊ कोल्ड इट इज’ मध्ये ‘इट’ आधी, म्हणून उद्गार. ही दोन वाक्ये चिन्हांवाचून फळ्यावर लिहावीत आणि दहा मिनिटे तिथेच थांबावे. एकदा हे जोडपे ओळखता आले की चिन्हे काढून दिलेल्या चाचणीतील निम्म्या चुका कमी व्हाव्यात, असा माझा अनुभव आहे. त्यानंतर काही दिवस मुले ‘हाऊ कोल्ड इज इट!’ असे उद्गार लिहितील, कारण नुकतेच त्यांनी प्रश्नात क्रियापद पुढे आणायला शिकलेले असते. ती चूक प्रगतीची आहे, लाल शाईने तिच्यावर रागावू नये.

विरामचिन्हांवरच विसंबणे हा आपल्या वर्गाचा मूळ आजार आहे असे पत्रावरून दिसते, आणि तो आपणच लावला आहे. ‘शेवटी प्रश्नचिन्ह असते ते प्रश्नार्थक वाक्य’ असे आपण सांगतो, ते म्हणजे ‘ज्याच्या दारावर पाटी आहे तो डॉक्टर’ असे सांगण्यासारखे आहे. मुलांना एक गोष्ट सांगून पाहावी, त्यांना ती आवडते: मराठीत हे प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह इंग्रजीकडून आले, आणि ते रुळवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्याआधीच्या पोथ्यांत आणि मोडी कागदांत ही चिन्हे नव्हती. मग तेव्हाच्या माणसांना प्रश्न हा प्रश्न आहे हे कळत नव्हते काय? कळत होते, ‘कोण’, ‘का’, ‘कैसे’ हे शब्द आणि वाक्याची घडण सांगत होती. तेव्हा पहिल्या दोन तासिकांसाठी फळ्यावरील संभाषण शेवटच्या चिन्हांशिवाय लिहावे आणि वाक्यांचे वर्गीकरण झाल्यावर चिन्हे मुलांनाच घालायला सांगावीत. चिन्ह हे निदान झाल्यावर द्यायचे औषध आहे.

आता त्या मुलीचा प्रश्न. ‘ओपन द डोअर’ पुढे उद्गारचिन्ह असले तरी ते वाक्य ‘इम्परेटिव्ह’च आहे. कावळा भिजला आहे, चिडला आहे, ओरडून सांगतो आहे, हे त्या चिन्हाने कळते. पण तो काय करतो आहे, तर दार उघडायला सांगतो आहे. वाक्य कर्त्यावाचून थेट क्रियापदाने सुरू झाले आहे आणि ऐकणारीने उठून कृती करायची आहे. आवाज मोठा झाल्याने आज्ञेचा उद्गार होत नाही. तिला हे सांगताना तिचे नाव घेऊन, ‘परवा हिने विचारले होते’ असे म्हणून सांगावे.

मात्र यातून पुढचा एक प्रश्न निघतो आणि त्याला आपण तयार असावे. चिमणीच्या जागी शहरातली शिष्ट चिमणी असेल आणि कावळाही सभ्य असेल, तर तो म्हणेल, ‘कुड यू ओपन द डोअर?’ ऐकणाऱ्याने काय करायचे, या आपल्या कसोटीने पाहिले तर हीदेखील कृतीची मागणी आहे; ‘येस, आय कुड’ असे उत्तर देऊन चिमणी आत बसून राहिली तर ते थट्टा केल्यासारखे होईल. मग हे वाक्य कोणत्या रकान्यात? घडण प्रश्नाची आहे, काम विनंतीचे आहे. परीक्षेत घडणीवरून ‘इंटरॉगेटिव्ह’ असे लिहावे, आणि मुलांना प्रामाणिकपणे सांगावे की माणसे प्रश्नाच्या वेषात विनंती करतात, मराठीतही करतात: ‘जरा पंखा लावता का?’ असे विचारणाऱ्याला कोणी ‘हो, मी पंखे लावतो’ असे सांगत नाही. त्याचप्रमाणे ‘टेल मी व्हेअर यू वेअर’ या वाक्यात ‘व्हेअर’ आहे म्हणून मुले ते प्रश्नात ढकलतात, पण ते ‘टेल’ने सुरू झालेले आज्ञार्थी वाक्य आहे, आणि ‘आय डोन्ट नो व्हेन शी विल ओपन द डोअर’ हे ‘व्हेन’ असूनही कावळ्याचे साधे, दुःखी विधान आहे. ही फसवी वाक्ये पहिल्याच दिवशी काढू नयेत. काम आणि घडण जिथे एकमेकांशी जुळतात अशी वाक्ये आधी पक्की होऊ द्यावीत आणि ही मंडळी आठवड्याने आणावीत. काही उत्साही शिक्षक पहिल्याच तासिकेत अपवाद सांगतात, त्यामुळे त्यांची विद्वत्ता दिसते आणि मुलांचा पाया खचतो.

तिसरी तासिका मुलांच्या हाती द्यावी. गोष्ट बदलून नव्हे, तर माणसे बदलून लिहायला सांगावे: एसटीचा वाहक आणि गर्दीत अडकलेली एक आजी. आपल्या वाहकाच्या तोंडी चारही प्रकार भरपूर असतात, ‘कुठे जायचंय’, ‘पुढे सरका’, ‘सुटे नाहीत’, ‘केवढी ही गर्दी’. ते इंग्रजीत कसे होतील हे चार-चार जणांच्या गटाने ठरवावे. ‘प्रत्येक प्रकाराची दोन वाक्ये आलीच पाहिजेत’ अशी अट कृपा करून घालू नये. अट घातली की मुले संभाषण लिहीत नाहीत, हप्ते भरतात. दोन माणसे खरोखर काही मागत असतील तर प्रकार आपोआप येतात, आणि एखादा आला नाहीच तर तो का आला नाही याची चर्चा करावी. ती चर्चा त्या वाक्यापेक्षा मोलाची असते.

घटक चाचणीत वाक्ये गोष्टीबाहेरची द्यावीत, नाहीतर मुले ‘ओपन द डोअर म्हणजे तिसरा रकाना’ असे पाठ करतील आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येऊ. पाच वाक्यांपैकी दोन वाक्यांपुढे ‘कशावरून?’ असे विचारावे आणि ते उत्तर मराठीत लिहिले तरी पूर्ण गुण द्यावेत. ‘क्रियापदाने सुरुवात झाली’ किंवा ‘कर्ता क्रियापदाच्या आधी आहे’ एवढे लिहिणाऱ्या मुलाला घटक समजला.

शेजारच्या सरांचे म्हणणे अर्धे खरे आहे. व्याख्या दहा मिनिटांत सांगून होतात. आपल्याच चाचणीने दाखवले आहे की सांगून होणे आणि समजणे यांत निम्मा वर्ग अडकलेला आहे, आणि मग तीच व्याख्या आठवीत, नववीत पुन्हा दहा-दहा मिनिटे सांगावी लागते. शिवाय या तीन तासिकांत केवळ वाक्यांचे प्रकार शिकवून होत नाहीत. प्रकट वाचन, संभाषण आणि लेखन यांचेही काम होते, तेव्हा दैनिक टाचणात ते तसे नोंदवावे, म्हणजे वेळ कुठे गेला असे कोणी विचारले तर दाखवायला राहील. इतके असूनही तीन तासिका मिळणारच नसतील, तर तिसरी सोडावी, पहिली सोडू नये. बहुतेक जण उलटे करतात: गोष्ट घाईने उरकतात आणि स्वाध्याय पुरेपूर घेतात.

एक छोटी अडचण आधीच सांगून ठेवतो. कोणीतरी उठून विचारील की ‘गुड मॉर्निंग, टीचर’ हे कोणत्या प्रकारचे वाक्य आहे. त्यात क्रियापद नाही, ते अभिवादन आहे, आणि चार रकान्यांत कोंबण्याचा आग्रह आपण धरू नये.

दुसरी अडचण गोष्टीच्या शेवटाची. घरोघरी तो निराळा सांगतात. कुठे कावळा तव्याचा चटका लागून पळतो, कुठे तो आत शिरून पिलेच खातो, कुठे चिमणी त्याला ऊबेला बसवते. मी दिलेल्या मजकुरात दार उघडते तिथेच थांबलो आहे, कारण पुढचे वर्गाने ठरवावे असे मला वाटते, आणि ते ठरवताना जो वाद होतो तो मराठीत झाला तरी शेवटचे वाक्य इंग्रजीतच यावे एवढीच अट ठेवावी. माझ्या वर्गात एका वर्षी चिमणी झालेल्या मुलीने दार किलकिले करून भिजलेल्या कावळ्याकडे पाहिले, ‘सॉरी, नो रूम’ एवढेच म्हटले आणि दार लावून घेतले. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला की याचा प्रकार कोणता, आणि वर्गातली पाच-सहा मुले माझ्या आधीच ओरडली, ‘क्रियापद कुठे आहे?’